टाकीची नाभी

टाकीला कान लावून उभी असलेली सुशिक्षित माणसं तुम्ही कधी पाहिली आहेत का? आमच्या गल्लीत ती दर रविवारी सकाळी दिसत. उताराच्या तळाशी, एका बंद घराच्या पलीकडं शेवटचं घर, त्याच्या अंगणात पावसाच्या पाण्याची निळी टाकी आणि टाकीभोवती माणसांचं कडं. एकेकानं पुढं व्हायचं, चष्मा काढून खिशात ठेवायचा, टाकीच्या पोटाला कान चिकटवायचा आणि चेहऱ्यावर असा भाव आणायचा, की जणू आत नातू पाय मारतोय.

"गुणगुणतंय का?" मागून कुणीतरी विचारी.

"गुणगुणतंय! अगदी स्पष्ट!"

"काय म्हणतंय?"

"ते आपल्याला कुठलं कळायला? पण आपल्याबद्दल चांगलंच म्हणत असणार."

आमची गल्ली उतारावरची. दोन्ही बाजूंना बैठी घरं, प्रत्येक घरापुढं हिरवळीचा तुकडा आणि प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक टाकी. उन्हाळ्यात नळाचं पाणी बागेला घालायचं नाही, असा नियम होता. म्हणून सगळ्यांनी एकदमच ही सोय करून घेतली होती. छपरावरचं पाणी पन्हळीतून पाइपात, पाइपातून जाळीत, जाळीतून टाकीत. पावसाळ्यात टाकी भरायची आणि पुढं कोरड्या महिन्यांत जपून जपून बागेला पुरवायची. साधी, शहाणपणाची गोष्ट होती. पण हिरवळ ही चीज माणसाला शहाणं राहू देत नाही. आमच्याकडं एकमेकांच्या मुलांचे मार्क कुणी विचारत नसे, हिरवळ मात्र सगळे चोरून बघत.

त्या वर्षी पाऊस लवकर आटोपला. हिरवळी आधी पिवळ्या पडल्या, मग पायपुसण्यासारख्या दिसू लागल्या. शेवटच्या घराची मात्र पोपटाच्या पिसासारखी. टाकी काठोकाठ. शिवाय अंगणाच्या मधोमध फवारा, तोही मालकानं टाळी वाजवली की उडणारा.

मालक पूर्वी न्हाणीघरात बसवायच्या फरश्या विकायचे. धंदा बसला, पण जीभ बसली नव्हती. लोक विचारायला लागले तेव्हा त्यांनी आधी नुसती मान हलवली. मग म्हणाले, "मी काही करत नाही हो. मी फक्त पाण्याशी बोलतो. मग ते आपणच वरून येतं." महिन्याभरात त्यांचे जलगुरू झाले. फरश्या विकताना हा माणूस "ग्लेझ" आणि "फिनिश" म्हणायचा, आता "कंपनं" आणि "स्मृती" म्हणू लागला. आवाज तोच, हातवारेही तेच.

"पाण्याला सगळं आठवतं," ते सांगत. "तुमच्या छपरावर पडताना तुम्ही घरात काय बोलत होता, ते त्यानं ऐकलेलं असतं. भांडत होतात? मग ते तुमच्याकडं का राहील? मी तुमच्याकडं राहीन का?"

"नाही," लोक म्हणत.

"मग पाणी कशाला राहील! पाणी माझ्यापेक्षा मूर्ख आहे का?"

यावर गर्दी माना डोलवी. सगळ्यात जोरात मान डोले ती इंजिनिअरसाहेबांची. साहेब पाणीपुरवठ्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी पाइपांच्या नकाशांवर सह्या केल्या होत्या. ते आम्हाला समजावत, "यात विज्ञानाच्या विरोधात काही नाही. केशाकर्षण म्हणतात ना, त्याचीच ही वरची पायरी." ते ऐकून ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली. साहेब चूक कसं सांगतील? त्यांना पेन्शन होती.

जलगुरू घरोघरी येत. विधी साधा होता. प्रत्येक टाकीच्या पायथ्याशी लोखंडी झाकणाचा एक लहान खड्डा होता. टाक्या बसवल्या तेव्हापासून तो तिथंच होता, पण तो कशासाठी हे कुणाला आठवत नव्हतं. कुणी त्यावर कुंडी ठेवली होती, कुणी दगडी बेडूक. जलगुरूंनी त्या खड्ड्याचं नाव ठेवलं, नाभी.

"टाकीची नाभी बुजलीय. मोकळी करायला हवी. सगळ्यांनी डोळे मिटा. माझा हात नाभीत असताना ज्याचा डोळा उघडेल, त्याच्या घरचं पाणी त्या डोळ्यातून जाईल."

सगळे डोळे मिटत. इंजिनिअरसाहेब तर वरून हातही धरत. जलगुरू बाही वर करून खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालत आणि काहीतरी पुटपुटत. झालं.

मग एक चमत्कारिक गोष्ट घडे. विधी झालेल्या घराची टाकी भराभर उतरू लागे. घरचे घाबरून जलगुरूंकडं धावत. जलगुरू उसासा टाकत. "नाभी मोकळी झाली, तेव्हा दोष दिसायला लागला. तुमच्या घरात दोष आहे." दोष कुणात, ते जलगुरू सांगत. कुणाच्या म्हाताऱ्या कुत्र्यात निघाला, कुणाच्या शिकवणीला आलेल्या पोरीत. तो दूर केला आणि जलगुरूंच्या घरी मनापासून सेवा केली, म्हणजे त्यांची भिंत रंगवली, नाहीतर त्यांना गाडीतून फिरवून आणलं, की ते परत येत, पुन्हा डोळे मिटायला लावत, पुन्हा नाभीत हात घालत. टाकी उतरायची थांबे. आता याहून आणखी काय पुरावा हवा?

मी त्यांना घरी बोलावलं नव्हतं. माझी टाकी जितकं पाणी वापरावं तितकीच उतरत होती. ही गोष्ट मी चारचौघांत बोलून दाखवली.

"तुमचं सोडा हो," समोरच्या काकू म्हणाल्या. "तुमच्या पाण्याला तुमच्याबद्दल काही वाटतच नाही, म्हणून पडून आहे बिचारं."

उताराच्या अगदी माथ्यावर जे घर होतं, तिथं सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून अशी तीन माणसं राहत. सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बोलणं मोजकं, हसणं मोठ्यानं. एका रविवारी टाकीला कान लावून ती मोठ्यानं हसली आणि म्हणाली, "अहो, ही तर मोटर!" जलगुरूंनी सासूबाईंकडं तशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं डॉक्टर रिपोर्ट वाचून नातेवाइकांकडं पाहतात.

पुढच्या आठवड्यात सून शाळेत असताना सासूबाईंनी जलगुरूंना घरी नेलं. डोळे मिटले गेले, नाभी मोकळी झाली. टाकी उतरू लागली. आणि दोष कुणात होता, हे मी सांगायची गरज नाही.

"दोष ओला असतो," जलगुरू म्हणाले. "वाळवावा लागतो."

वाळवण्याची पद्धत अशी, की दोषी व्यक्तीनं भर दुपारी आपल्याच अंगणात, डोक्यावर काही न घेता, अनवाणी उभं राहायचं. सून म्हणाली, "मी नाही." सासूबाईंनी जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी मुलगा बायकोला म्हणाला, "एकदाच उभी राहा ना. आईचं समाधान होईल. तुझं काय जातंय?"

तिचं काय जातंय ते बघायला सगळी गल्ली आपापल्या व्हरांड्यात बसली. लोकांनी खुर्च्या बाहेर काढल्या. काकूंनी सरबत केलं. वाळक्या गवतात ती उभी होती, पाय बदलत होती, तोंड लाल झालं होतं. मुलगा मधेच छत्री घेऊन बाहेर आला. सासूबाईंनी ती त्याच्या हातातून काढून घेतली, नीट मिटली आणि स्वतःच्या डोक्यावर उघडली, कारण त्याही उन्हात उभ्या होत्या.

"बाई पडेल," मी कुंपणावरून ओरडलो. "आत घ्या तिला."

"तुमची टाकी ठीक आहे ना?" काकू म्हणाल्या. "मग तुम्हाला काय कळणार लोकांचं दुःख!"

ती पडलीच. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमची गल्ली सभ्य आहे. एकदोघांनी फक्त सरबताचे पेले खाली ठेवले.

टाकी उतरतच राहिली. जलगुरूंनी शेवटचा उपाय सांगितला. सूनबाईंनी घर सोडायचं. पाण्यानं परत बोलावलं, तर यायचं. पाणी कधी बोलावील? ते पाण्यालाच ठाऊक.

"आई तसं म्हणत नाही," मुलगा तिला समजावत होता. खिडकी उघडी होती, सगळ्या गल्लीनं ऐकलं. "आई म्हणते, पाणी तसं म्हणतंय."

"आणि तू काय म्हणतोस?"

"मी मधे कशाला पडू?"

"बरं," ती म्हणाली. "रविवारी सकाळी जाते. सगळ्यांच्या समोर जाते. चालेल?"

सासूबाईंना ते फारच आवडलं. सून शेवटी का होईना, वळणावर आली.

शनिवारी संध्याकाळी मी तिला टाकीचं झाकण सरकवून आत काहीतरी टाकताना पाहिलं. आत गुडघाभर पाणी उरलेलं होतं. मला वाटलं, निरोपाचं फूल वगैरे असेल. अशा वेळी माणसं काय काय करतात.

रविवारी माथ्यावरच्या घरापुढं सगळी गल्ली जमली. ती बॅग घेऊन पायरीवर उभी होती. जलगुरू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. "डोळे मिटा." अंगणभर डोळे मिटले. मुलानंही मिटले. ज्या बाईशी त्यानं लग्न केलं होतं ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बॅग घेऊन उभी होती आणि तो एका टाकीसाठी डोळे मिटून उभा होता. तिला कुणी डोळे मिटायला सांगितलं नाही, कारण तिच्याकडं आता कुणी बघतच नव्हतं. जलगुरूंनी नाभीत हात घातला, खांदा गोल फिरवला, दम लागेपर्यंत फिरवला. "दोष निघाला," ते म्हणाले.

त्यानंतर जलगुरूंच्या फवाऱ्याचं दर्शन घ्यायला मिरवणूक उतारानं खाली निघाली. पुढं जलगुरू, मागं सासूबाई, मागं गल्ली, सगळ्यात मागं बॅग घेऊन सून. बसथांबा खालीच होता. तिला मिरवणुकीतूनच जावं लागणार होतं.

शेवटच्या घराशी जलगुरू थांबले. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली.

फवारा उडाला आणि गर्दीच्या तोंडून एक लांबलचक "हा" निघाला. पाणी हिरवं होतं. साधं शेवाळी नव्हे, झळझळीत पोपटी! उन्हात ते असं चमकत होतं, की डोळे दिपावेत. जलगुरूंच्या पांढऱ्या सदऱ्यावर पोपटी ठिपके उठले.

जलगुरूंचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं. पण ज्यानं तडे गेलेल्या फरश्या "नैसर्गिक नक्षी" म्हणून विकल्या, तो काय असा अडतो?

"आलं!" ते ओरडले. "हिरवळीचा प्राण प्रकट झाला! दोष घराबाहेर पडला, आणि बघा, पाणी आनंदानं हिरवं झालं!"

लोक पुढं धावले. ओंजळी पसरल्या. कुणी डोक्यावर शिंपडलं, कुणी डोळ्यांना लावलं. काकूंनी बाटली भरून घेतली. इंजिनिअरसाहेब घटाघट प्यायले आणि मिशी पुसत म्हणाले, "क्लोरोफिल. शंभर टक्के क्लोरोफिल." सासूबाई रडत होत्या. "माझी सून गेली, पण बाग आली हो!"

"अजून गेले नाही," मागून आवाज आला.

सून बॅग खाली ठेवून पुढं आली.

"पुरे करा आता, साहेब. विषारी नाही, पण छपरावरचं पाणी आहे ते. कावळे काय करतात छपरावर, माहीत आहे ना? बागेसाठी साठवतो आपण ते, पिण्यासाठी नाही."

"तू गप्प बस," सासूबाई म्हणाल्या. "जाता जाता तरी."

"हा रंग काल संध्याकाळी मी टाकला. आपल्या टाकीत. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो, नारिंगी पूड, पाण्यात पडली की पोपटी होते. पाइप कुठून कुठं जातो ते शोधायला वापरतात. चिमूटभर पुरते, मी मूठभर टाकली."

जलगुरू हसले. "पाहिलंत? अजून दोष बोलतोय."

"ठीक आहे. वर जाऊन आमच्या टाकीत बघा. मग मधल्या सगळ्या घरांच्या टाक्यांत बघा. जलगुरू, तुमचं पाणी वरून, आकाशातून येतं म्हणता. मग ते आमच्या टाकीतून कसं आलं, आणि मधली सगळी घरं सोडून कसं आलं?"

इंजिनिअरसाहेब म्हणाले, "योगायोग."

"साहेब, तुमचं अंगण जवळ आहे. तो दगडी बेडूक उचला जरा."

साहेबांनी बेडूक उचलला नाही, मी उचलला. झाकण काढलं. आत टाकीच्या बुडाला लागलेला व्हॉल्व्ह होता, आणि त्याचं फिरवायचं लोखंडी चाक. सगळा खड्डा गंजलेला, कोळ्यांच्या जाळ्यांनी भरलेला. चाक मात्र हातानं घासून घासून चकचकीत झालेलं.

"ही गाळ काढायची लाइन," ती म्हणाली. "टाक्या बसवल्या तेव्हा सगळ्या टाक्यांच्या बुडांना जोडून घेतलीत ना तुम्ही? पावसाआधी टाकी धुवायची, हे चाक फिरवायचं, घाण पाणी या लाइननं उतारावरून खाली नाल्यात जायचं. कुणी धुतली टाकी? एकदा तरी?"

आमच्या गल्लीत लोक हिरवळीच्या कडा कात्रीनं कापत. टाकी धुणं हे काम दिसत नाही, म्हणून ते कुणी करत नसे.

"मी नाल्याशी जाऊन पाहिलं. यांनी लाइनचं नाल्याकडचं तोंड बुजवलं आणि ती अंगणाखालच्या हौदात वळवली. हे शेवटच्या घरात राहतात, सगळा उतार यांच्याकडं येतो. पहिलं पाणी यांनी शेजारच्या बंद घराच्या टाकीतून घेतलं. पुढं तुम्हीच यांना घरी बोलावलंत. डोळे मिटलेत की चाक उघडतं. सेवा केलीत की बंद होतं. हौदातून टाकीत पाणी चढवणारी मोटर, ती गुणगुणते. आणि टाळी वाजली की आतल्या खिडकीतून यांची बायको फवाऱ्याचं बटण दाबते. ती बघा."

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. पडदा हलला.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. कुणीही सुनेकडं पाहिलं नाही. गल्ली जागच्या जागी फुटली आणि जो तो आपापल्या खड्ड्याकडं पळाला. कुंड्या फुटल्या, बेडूक लोळले. "माझं चाक अजून उघडं आहे!" "माझं किती दिवस उघडं होतं रे, चोरा?" परत आलेल्यांनी जलगुरूंना मधोमध धरलं होतं, सदरा फाटला होता, पण ते अजून विकतच होते. "मी कधी खोटं बोललो? मी म्हणालो, पाणी वरून येतं. तुम्ही वर राहता की नाही?" यावर काकूंनी भरून घेतलेली बाटली त्यांच्या डोक्यात घातली. मग सगळे हौदावर तुटून पडले. बादल्या, पातेली, नळ्या. हौदात कुणाचं किती पाणी यावरून इंजिनिअरसाहेब आणि काकू यांची अशी जुंपली, की साहेबांचा चष्मा हौदात गेला. जलगुरूंची हिरवळ तासाभरात चिखल झाली. त्यांची बायको दारात उभी राहून रडत होती, आणि लोक तिच्या स्वयंपाकघरातली भांडी पाणी न्यायला वापरत होते.

सासूबाई सुनेजवळ आल्या. पदरानं तोंड पुसलं.

"चल, बॅग उचल. घरी चल. झालं गेलं. चारचौघांत तमाशा नको."

"तमाशा झाला आई. सगळ्यांनी खुर्च्या टाकून बघितला."

मुलगा म्हणाला, "अगं, आता सिद्ध झालं ना, दोष तुझ्यात नव्हता."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रसायनशास्त्राच्या बाई नळीत रंग बदलतो का ते पाहतात, तसं. रंग बदलला नाही.

"हे सिद्ध व्हावं लागलं तुला," ती म्हणाली. मग बॅग उचलली. "तळाशी गाळ आहे फार. टाकी धुवून घ्या." आणि ती बसथांब्याकडं गेली. बस आली, ती चढली, मागं वळून पाहिलं नाही. मुलगा उभाच होता. त्याच्या हातात कुणीतरी रिकामी बादली देऊन ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पुन्हा हाहाकार. जे जे ते पोपटी पाणी प्यायले होते, त्यांना लघवी झळझळीत पिवळी झाली. सगळे दवाखान्यात रांगेत. इंजिनिअरसाहेब सर्वांत पुढं. दोनचार जणांना जुलाबही लागले होते, ते कावळ्यांचे. डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायलात? कुणी सांगायला तयार नाही.

जलगुरू घर विकून गेले. दुसऱ्या एखाद्या उतारावर ते आज कशाला तरी नाव ठेवत असतील. आमच्या गल्लीत सगळ्या झाकणांना आता कुलपं आहेत. ती जलगुरूंसाठी नाहीत, शेजाऱ्यांसाठी आहेत, कारण चाक फिरवलं की पाणी खाली जातं हे आता सगळ्यांना कळलंय. साहेब म्हणतात, त्यांना पहिल्यापासून संशय होता. माथ्यावरच्या घरची हिरवळ यंदा सुरेख आली. सासूबाई संध्याकाळी तिला स्वतः पाणी घालतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सूनबाईंना नोकरीमुळं लांब राहावं लागतं हो."

म्हणून सांगतो, ऐका. छपरावरचं पाणी जरूर साठवा, बागेला घाला, पन्हळ झाडा, जाळी बसवा, वर्षातून एकदा टाकी धुवा. पाण्याला काहीही आठवत नाही. ते कुणावर रागावत नाही, कुणाच्या पायगुणानं येत नाही आणि जात नाही. त्याला एकच गोष्ट येते, उतार मिळाला की खाली जाणं. टाकी उतरायला लागली तर वाकून टाकीच्या बुडाशी बघा. घरातल्या बाईच्या तोंडाकडं बघू नका.